डोळा लागता लागता

डोळा लागता लागता अंग उडतं. कधी एकच पाय, कधी उजवा खांदा, कधी कमरेपासून सगळं धड असं उसळतं की पलंग करकरतो. दुखत काहीच नाही. पण छाती धडधडायला लागते आणि हाताशी आलेली झोप निघून जाते. कूस बदलायची, डोळे मिटायचे, अंग सैल पडायला लागलं की पुन्हा तेच. डोक्याला मार लागल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात वणीच्या आमच्या घरात माझ्या रात्री अशा जायच्या. सापुताऱ्याकडे जाणारे मालट्रक ऐकत पडून राहायचो.

अपघात नांदुरीच्या रस्त्यावर झाला. अंधारात कडेला उभी ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मी मोटारसायकलवर मागे बसलो होतो. मेंदूत थोडा रक्तस्राव आणि सूज होती. नाशिकला आयसीयू, मग वॉर्ड, मग घर. टाके निघाले, चालता-बोलता झालो, भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, ‘देवीनं तारलं.’ मीही तसंच मानतो. पण डोक्याच्या दुखापतीतून उठलेल्या माणसाला ‘आता झोप लागते का?’ असं कुणी विचारत नाही. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे झोपेची काही ना काही तक्रार राहते, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या गावात हलणाऱ्या अंगाला अर्थ असतो. चैत्रात खानदेशातून उन्हातान्हात पायी आलेली माणसं देवीच्या गडाची वाट धरतात, संबळ वाजायला लागतो, आणि एखाद्या बाईच्या अंगात येतं. केस सुटतात, अंग घुमायला लागतं, लोक वाकून पाया पडतात. लहानपणापासून मी हे पाहत आलो, त्याची टिंगल मी कधी केली नाही, आजही करणार नाही. म्हणून आईनं माझ्या उशाखाली अंगारा ठेवला तेव्हा मी हात जोडले. शेजारच्या काकूंनी मात्र ‘फिट आहे, कांदा हुंगवा’ म्हणून सांगितलं, आणि आणखी कुणी ‘बाहेरचं असेल’ म्हणालं. अंगात येतं ते चारचौघांत, नादात, उजेडात. माझा हिसका अंधारात यायचा, सगळं शांत झाल्यावर, आणि मला पूर्ण शुद्ध असायची. हा फरक मला जाणवत होता, पण कुणाला सांगता येत नव्हता.

तो सांगायची सोय केली बायकोनं. माझ्या कोपराचे फटके तिनं खाल्ले होते. एका रात्री तिनं उशी उभी करून तिला मोबाइल टेकवला आणि खोलीतला छोटा दिवा तसाच ठेवला. नाशिकच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, मग म्हणाले, ‘ईईजी काढू, आदल्या रात्री जागरण करून या.’ जागरणाचा प्रश्नच नव्हता, ते रोजचंच होतं. पहाटेच्या एसटीनं गेलो. डोक्यावर चिकट मलम लावून वायरी चिकटवल्या, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला, जोरजोरात श्वास घ्यायला लावला, मग म्हणाले, ‘आता झोपा.’ ते मलम पुढे दोन आंघोळींना केसांतून निघालं नाही. आलेखात फिटची खूण नव्हती.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. जागेपणा टिकवणारी यंत्रणा मेंदूच्या देठात असते. झोप येताना ती मागे सरते आणि स्नायू ढिले पडू लागतात. नांदुरीचा घाट चढताना गिअर बदलला की बस हिसका देते, तसा या अदलाबदलीत एखादा हिसका बसतो. धडधाकट माणसांतही शंभरात साठ-सत्तर जणांना तो कधी ना कधी जाणवतो. फार दमणं, अपुरी झोप, रात्रीचा चहा, तंबाखू, मनावरचा ताण यांनी तो वाढतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वाढतो. दुखापत झालेल्या मेंदूत मात्र तेवढ्यावर सोडून देता येत नाही, कारण मार लागल्यानंतर अपस्मारही सुरू होऊ शकतो. झटक्यांचे आणखी दोन प्रकारही त्यांनी सांगितले. मेंदूला प्राणवायू कमी पडल्यावर येणारे झटके लान्स आणि ॲडम्स या डॉक्टरांनी 1963 साली चार रुग्णांवरून मांडले. ते हालचाल करायला गेलं की येतात. इटलीतल्या बोलोन्याच्या डॉक्टरांनी 1997 साली वेगळेच झटके नोंदवले. ते फक्त अंग सैल सोडलं, गुंगी आली की धडातून सुरू होतात, आणि मन कशात गुंतवलं की थांबतात.

हे शेवटचं ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. माझा अनुभव नेमका हाच होता. पाढे म्हणायला लागलो की अंग शांत. पण पाढे म्हणणारा माणूस झोपणार कसा? हिसका टाळायचा तर जागं राहायचं, आणि झोपायचं तर हिसक्याला वाट द्यायची. मी कित्येक रात्री पहारा देत होतो, आणि त्या पहाऱ्यानंच अंग ताठ होत होतं. हिसका क्षणाचा असतो, त्याची वाट पाहणं रात्रभर चालतं. माझी झोप खाल्ली ती या वाट पाहण्यानं.

डॉक्टरांनी क्लोनाझेपामची अगदी लहान मात्रा थोड्याच काळासाठी दिली. या गोळीनं दिवसा तोल जातो, आठवण मंदावते, आणि डोक्याला मार लागलेल्याला दोन्ही आधीच कमी असतात, हेही बजावलं. बाकीचं घरात करायचं होतं. दुपारनंतरचा चहा बंद. बागेत फवारणीचा ब्लोअर रात्री उशिरापर्यंत चालवायचा नाही, ते काम भावानं घेतलं. झोपायची वेळ एकच. अंगावर जाड गोधडी, गुडघ्यांमध्ये उशी. भिंतीवरचं घड्याळ बाहेरच्या खोलीत. हिसका आला तर बायको विचारते, ‘आला का?’ मी म्हणतो, ‘आला.’ बस, एवढंच. ती मला धरून ठेवत नाही, मी तिची माफी मागत नाही. दिवसभर फार राबलो तर आजही अंग उडतं. पण आता बहुतेक वेळा मी पुन्हा झोपतो.

तुमच्या घरात डोक्याला मार लागलेलं कुणी असेल आणि रात्री त्याचं अंग उडत असेल, तर त्याला दाबून धरू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. मोबाइलवर चित्रण करा आणि मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली, जीभ चावली गेली, कपड्यांत लघवी झाली, नंतर माणूस गोंधळला किंवा सकाळी हातातला कप उडाला, तर एक दिवसही थांबू नका. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. अंगारा लावायचा तर जरूर लावा, पण नाशिकची गाडीही पकडा.