माळ्यावरची तुळई

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन आजोळी गेले. बागमांडल्याला फेरीबोटीत बसायचं, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि तिथून रिक्षानं बाणकोट. नानांचं घर जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं. लाकडी शिडी चढून माळ्यावर गेलं की भात, नारळ आणि आमसुलांचा वास येई. लहानपणी आमची लपायची जागा हीच.

यंदा माळा रिकामा केलेला दिसला. कुवेतहून सुट्टीवर आलेल्या मामेभावाला तिथं मुलींसाठी अभ्यासाची खोली करायची होती. थोरली यंदा दहावीला, आणि खाली ओटीवर सतत पाहुण्यांची ये-जा. अडचण एकच होती. मधल्या कैचीची तुळई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर आडवी गेलेली. “आपा, ही एक कापली की सरळ मोठी खोली होईल,” तो म्हणाला. मामू गप्प होते.

गावातले वयस्क सुतारकाका आले. त्यांनी करवत पिशवीतून काढलीच नाही. मला म्हणाले, “बाई, एखादं पुस्तक द्या.” पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून त्यांनी छपरासारखं पालथं उभं केलं आणि वरून बोटानं दाबलं. दोन्ही पुठ्ठे बाहेर सरकले. मग खालच्या कडांभोवती सुतळी बांधून पुन्हा दाबलं. पुस्तक जागचं हललं नाही. “ही सुतळी म्हणजे तुमची तुळई.”

इतकी वर्षं मला वाटायचं, तुळई छप्पर खालून उचलून धरते. खरं तर ती दोन्ही बाजूंना आवळून धरते. एक मंगलोरी कौल दोन-तीन किलोचं. हजार कौलं म्हणजे दोन-तीन टन. हा भार कैचीचे पाय बाहेर रेटत असतो. तुळई कापली म्हणून घर त्याच दिवशी पडत नाही. भिंतींचे माथे हळूहळू बाहेर झुकतात, आढं मध्येच बसतं, कौलं सरकतात आणि मग गळती सुरू होते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमची कितीतरी कौलं उडाली, पण सांगाडा उभा राहिला. तो का राहिला, हे त्या दुपारी कळलं.

काकांनी हातोडीच्या दांड्यानं तुळई ठोकत नेली. मधे खणखणीत आवाज, पण भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी बद्द. आत वाळवी लागली होती. मामेभाऊ तिथंच खाली बसला. कापायला निघालेलं लाकूड आधी वाचवायचं होतं!

दुसऱ्या दिवशी कैचीला दोन्हीकडून टेकू दिले. किडका भाग काढून नवा सागवानी तुकडा जोडला, दोन्ही अंगांना फळ्या लावून आरपार बोल्ट आवळले. लाकडाला वाळवीचं औषध मारलं. टेकू सगळ्यात शेवटी काढले.

खोलीही झाली, एकाऐवजी दोन. तुळईच्या रेषेत फळ्यांची भिंत आली आणि मागच्या पडवीतून दुसरी शिडी. दोघी बहिणींचं भांडणही मिटलं.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडची घरं अशीच आहेत. सुट्टी थोडी असते, घाई असते. तरी माळ्यावरचं एखादं लाकूड वाटेत येत असेल, तर करवतीआधी जाणत्या सुताराला किंवा इंजिनिअरला बोलवा. ते लाकूड काय धरून आहे, एवढं आधी विचारा.

निघताना मामू फेरीबोटीपर्यंत आले. म्हणाले, “बेटी, मला ठाऊक होतं. पण मुलाला नाही म्हणवेना.”