बापाचं डोकं

स्मरणशक्ती जन्मजात असते, असं मी मनापासून मानत होतो. ज्याला ती नाही त्यानं घोकावं. घोकूनही जमलं नाही, तर मास्तरानं हात टेकावेत. आठवीतल्या एका मुलाला मी भर वर्गात म्हणालो होतो, "बापाचं डोकं तुझ्यात उतरलं नाही." त्याचे वडील नारपोलीत कापडाच्या गोडाऊनमध्ये मेहताजी. कुणाचे ताके, कुठली क्वालिटी, किती पन्हा, सगळं वही न उघडता सांगायचे.

मग गोडाऊन काल्हेरला हललं. हमालांनी माल टेम्पोतून उतरेल तसा रचला. मी भेटायला गेलो, तेव्हा मेहताजींना एक साधा लॉट सांगता येईना. तोच माल, तेच डोकं, आणि ते वही चाळत होते. मी चरकलो. या माणसाला झालं काय? ते मात्र शांत होते. "सर, माल अजून लावलाय कुठं? आधी पार्टी, मग क्वालिटी, मग पन्हा. लावला की आठवतं." दिवाळीनंतर गेलो तेव्हा माल लागला होता, वही मिटलेली होती.

जिला मी देणगी म्हणत होतो, ती त्यांची मेहनत होती. मी ती कधी पाहिलीच नव्हती.

नंतर स्मरणशक्तीबद्दल वाचायला लागलो. मानसशास्त्रज्ञ चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं, की बुद्धिबळातला मुरलेला खेळाडू डावातला पट क्षणभर पाहून बहुतेक मोहरी पुन्हा मांडतो. मोहरी वाटेल तशी ठेवली, की तो नवख्याइतकाच अडखळतो. बॉवर यांच्या १९६९ च्या प्रयोगात ११२ शब्द होते. गट-उपगटांत मांडलेले शब्द पाहणाऱ्यांना पहिल्याच फेरीत सरासरी ७३ आठवले, विस्कळीत पाहणाऱ्यांना जेमतेम २१.

आणि मी नद्यांची नावं एका दमात सांगून मोकळा होत होतो. मुलं विसरली, की दोष त्यांच्या रक्ताला. किती सोयीचं होतं ते मला!

त्या मुलाची माफी मी वर्गासमोरच मागितली. आता नद्यांच्या चिठ्ठ्या देतो. ज्यानं त्यानं आपल्या रीतीनं लावायच्या. माझी मांडणी फळ्यावर लिहून दिली, तर मुलं तीही घोकतात. त्या मुलानं गोदावरी-कृष्णा एकीकडे ठेवल्या, तापी, उल्हास, वैतरणा दुसरीकडे. भीमेशी बराच वेळ थांबला, मग तिला कृष्णेखाली सरकवलं. यात तास संपतो, अभ्यासक्रम मागे राहतो. ते मला चालतं.