वरनं चांगला

गेले चार दिवस दुपारचा चहा झाला की मी पेरूच्या झाडाला टोप्या घालते आहे. टोप्या म्हणजे वर्तमानपत्राच्या पिशव्या. फळ लिंबाएवढं झालं की त्यावर पिशवी चढवायची आणि देठाशी सुतळीने बांधायची. परतीचा पाऊस मध्येच येतो, कागदाचा लगदा होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काल संध्याकाळपर्यंत एकशे दहा झाल्या. (मुलगा हे वाचतो, म्हणून सांगून ठेवते : शिडी तीनच पायऱ्यांची आहे.)

साताऱ्यातल्या आमच्या घराभोवती जेमतेम दीड गुंठा मोकळी जागा आहे. तेवढ्यात पेरू, लिंबू, सीताफळ, तुती, कढीपत्ता आणि एक न फळणारं डाळिंब अशी दाटी आहे. सगळी झाडं ह्यांनी लावलेली. मी मराठी शिकवणारी, मला झाडांमधलं काही कळत नसे. २०१७ साली हे गेले आणि बाग माझ्या गळ्यात पडली.

बागेत आपण एकटे नसतो, हे पहिल्याच वर्षी कळलं. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडली आहे असं वाटून मी पाणी मारलं, तर शीट चालायला लागली! त्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि बोट लावलं की डोक्यामागून लाल शिंग काढून घाण वास सोडतात. मारवत नाही. उचलून कढीपत्त्यावर नेऊन सोडते, तोही त्यांना चालतो. कढीपत्ता बोडका होतो, तेव्हा फोडणीला बाजारातून आणते. हा व्यवहार काही शहाणपणाचा नाही, पण चालू आहे.

तुती फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकते. बुलबुल, तांबट आणि कोकीळ यांना आधी कळतं, मग मला. एका वर्षी नायलॉनची जाळी टाकली. तिसऱ्या दिवशी त्यात बुलबुल अडकला, पायाला धागा गुंडाळलेला. कात्रीने सोडवताना माझा हात पक्ष्यापेक्षा जास्त थरथरत होता. जाळी त्याच दिवशी काढली. आता खालच्या फांद्या माझ्या, वरच्या त्यांच्या. ते करार पाळत नाहीत.

ह्यांचा विश्वास फवारणीवर होता. पाठीवरचा पंप, तोंडाला रुमाल, रविवार सकाळ. २०१० मध्ये पपईवर आणि तुतीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला, कापूस पिंजून टाकल्यासारखी झाडं दिसायला लागली. ह्यांनी तीन वेळा फवारलं. त्या किडीच्या अंगावर मेण असतं, औषध घरंगळून जातं. कीड परदेशातून आलेली, इथे तिला शत्रूच नव्हता. त्याच वर्षी बंगळूरच्या सरकारी संस्थेने पोर्तो रिकोहून तिला मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मागवल्या, त्या वाढवून ठिकठिकाणी सोडल्या आणि देशात ती कीड पुष्कळ आटोक्यात आली. आमची पपई तोवर गेली होती. ह्यांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे माझे तीन रविवार फुकट."

असो. सांगायचं आहे ते पेरूचं.

आमचा पेरू सरदार जातीचा. त्याला लखनौ-४९ असंही म्हणतात, पण नावावर जाऊ नका, ही जात निवडली गेली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत. फळ मोठं, गोड, आतून पांढरं. २०१८ च्या पावसाळ्यात, ह्यांच्यामागचा पहिलाच पावसाळा, झाड लगडलं होतं. मी सकाळी उठून पिवळे, टपोरे, डाग नसलेले बारा पेरू निवडले, टोपलीत घातले आणि शेजारी दिले. शेजारची सूनबाई संध्याकाळी रिकामी टोपली परत द्यायला आली, तळाशी थोडी साखर घालून. म्हणाली, "काकू, पेरू फार गोड होते हो. बाबांनी मिठाबरोबर खाल्ले."

दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली. आम्ही दोघी फाटकाशी बादल्या घेऊन उभ्या. तिच्या बादलीत वरच पेरूच्या फोडी होत्या. सगळ्याच. आत तांदळाच्या कणीसारख्या अळ्या वळवळत होत्या. तिने पटकन वर्तमानपत्र सारलं. मी पाहिलं हे तिला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी ट्रॅफिकबद्दल काहीतरी बोलले.

घरात येऊन खुर्चीत बसले. आणि मला एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा वर्ग दिसला.

१९७९ साल. माझी नोकरी नवीन, खटाव तालुक्यातलं एक गाव. श्रावणातला दिवस. सातवीतल्या एका मुलाने दप्तराच्या पिशवीतून पेरू काढून माझ्या टेबलावर ठेवला. हातभर अंतरावरून वास यावा असा पिकलेला, पिवळाधमक. मला आनंद झाला, आणि वर्गासमोर कौतुक करावं म्हणून मी तो तिथेच फोडला. आत अळ्या. मी किंचाळले. मुलं हसली. माझी फजिती झाली आणि तिचा राग मी त्याच्यावर काढला. म्हणाले, "घरी कुणी खाईना म्हणून बाईंना आणलास का?" आणि पेरू खिडकीतून फेकून दिला.

तो म्हणाला, "वरनं चांगला व्हता, बाई."

एवढंच. पुढे वर्षभर तो शाळेत येत राहिला, शुद्धलेखन बरं होतं त्याचं. मुलं बोरं आणायची, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे. तो पुन्हा टेबलाजवळ काही घेऊन आला नाही. मी वर्षभरात एकदाही त्याला काही बोलले नाही. बाईंनी मुलाची माफी मागायची असते, हे तेव्हा आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि न शिकवता सुचावं एवढी मी मोठी नव्हते.

त्या आठवड्यात मी झाड तोडायला माणूस बोलावला. धाकट्या जाऊबाईही म्हणाल्या, "काढून टाका वहिनी, कचराच होतोय नुसता." माणूस कुऱ्हाड घेऊन आला आणि मी त्याला चहा देऊन परत पाठवलं. का, ते विचारू नका. ह्यांचं झाड म्हणून, हे एक कारण. दुसरं असं, की त्या पोराचा पेरू मी एकदा फेकला होता.

माझा एक जुना विद्यार्थी कृषी खात्यात आहे. त्याला फोन केला. तो येऊन झाडाखाली उकिडवा बसला आणि मला विद्यार्थिनीसारखं शिकवलं. ही फळमाशी. मादी फळाची साल टोचून आत अंडी घालते. टोचल्याची खूण टाचणीच्या टोकाएवढी, आपल्या डोळ्याला दिसतही नाही. दोन-चार दिवसांत अळ्या निघतात, आतला गर खातात, फळ गळतं, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि त्यातून नवी माशी. "बाई, अळी आत असते. बाहेरून कितीही फवारा, तिला काय पोचणार?" आणि म्हणाला, माशीला पिकायला आलेलं, चांगलं भरलेलं फळ जास्त आवडतं. पावसाळी बहाराला तिचा त्रास सगळ्यांत जास्त.

म्हणजे श्रावणात झाडावरचा सगळ्यांत चांगला पेरू निवडायचा तर तो किडका निघण्याचा संभव सगळ्यांत जास्त. मी तेच केलं होतं. त्यानेही तेच केलं असणार.

उपाय साधे आहेत, पण रोजचे. खाली पडलेलं प्रत्येक फळ त्याच दिवशी उचलायचं, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचं. खतात टाकायचं नाही, मी वर्षभर तेच करत होते, माश्यांना पाळणाघरच दिलं होतं म्हणा ना! झाडाखालची माती अधूनमधून उकरायची, कोष उघडे पडले की उन्हाने मरतात, मुंग्या नेतात. आणि सापळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'रक्षक' नावाचा सापळा तयार केला आहे, तसला एक टांगला. त्यात मिथाइल युजेनॉल असतं, त्या वासाला नर माश्या येऊन अडकतात. नर कमी, तर पुढची वीण कमी. हेच द्रव्य तुळशीतही असतं, म्हणून आमच्या वृंदावनावर त्या माश्या घिरट्या घालताना दिसायच्या. मी इतकी वर्षं त्यांना भाविक समजत होते.

सर्वांत कठीण गेलं ते पाणी तोडणं. उन्हाळ्यात झाडाला पाणी द्यायचं नाही, म्हणजे फेब्रुवारी-मार्चची फुलं गळतात, पावसाळी फळ धरत नाही. जूनच्या पावसावर मृग बहार येतो, त्याची फळं थंडीत, तेव्हा माशी कमी. एप्रिलमध्ये पानं कोमेजलेलं झाड बघत हातात पाईप घेऊन उभं राहायचं आणि नळ सोडायचा नाही. पहिल्या वर्षी मी दोनदा चोरून पाणी घातलं. चोरून म्हणजे कुणापासून, देव जाणे.

आता वर्षाला शंभर-सव्वाशे पिशव्या बांधते. गेल्या थंडीत त्यातली सत्तर फळं हाती आली. बाकीची खारींनी आणि वटवाघळांनी कागद फाडून नेली, त्यांना वर्तमानपत्राचा काही धाक नाही. दर वर्षी शेजारी टोपली जाते. सूनबाईला दारातच म्हणते, "आधी फोडून बघ हं." ती म्हणते, "बघायचं काय त्यात, काकू," आणि तशीच आत घेऊन जाते.

२०१८ च्या पेरूंबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

कागद संपत आलेत. पुण्याच्या मंडळींनी दिवाळीला येताना रद्दी आणावी. गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत, साधीच पानं आणा.