श्रीलंकेच्या घाटात आम्ही दोघे

परदेश प्रवास ही आपल्या समाजात अजूनही नवलाईची गोष्ट आहे. आपल्या वस्तीतले जे परदेशी गेले, ते बहुतेक आखाती देशांत नोकरीसाठी गेले. नुसते फिरायला जाणे आपल्या पगारात कधी बसत नाही. आम्ही दोघांनी मात्र लग्नाला वीस वर्षे झाली तेव्हा पतपेढीतील ठेवीची मुदत संपताच ती रक्कम काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सहा दिवस श्रीलंकेला जाऊन आलो. नातेवाईक म्हणाले, एवढ्या पैशांत घराला नवी फरशी बसली असती. त्यांचेही खरेच होते. परंतु १९५० साली प. पू. बाबासाहेब आणि माईसाहेब ज्या देशात गेले, तो देश एकदा डोळ्यांनी पाहावा, ही आमची जुनी इच्छा होती.

मुंबईहून विमानाने कोलंबोला उतरलो आणि पुढचा सगळा प्रवास मोटारीने केला. तेथेही वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. चालक हॅटनकडचा तमिळ तरुण होता. दुबईत काही वर्षे काम केल्यामुळे त्याला हिंदी बोलता येत होते. पहिल्या तासातच तो आम्हाला 'अण्णा' आणि 'अक्का' म्हणू लागला.

कोलंबो ते कँडी हा रस्ता सुमारे ११५ किलोमीटरचा आहे. कडुगन्नावाच्या घाटात तो वळणे घेत चढतो. खाली भातशेती, वर नारळ, सुपारी आणि फणसाची झाडे. पाहून कोकणाचीच आठवण यावी. घाटमाथ्याजवळ एक उंच पांढरा मनोरा आहे. हा रस्ता बांधणाऱ्या कॅप्टन डॉसन या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ तो उभारला आहे. इंग्रजांनी १८१५ मध्ये कँडीचे राज्य घेतले आणि १८२० नंतर हा रस्ता बांधला. त्यासाठी 'राजकारिया' नावाची वेठबिगार वापरली. म्हणजे गावकऱ्यांनी पूर्वी राजासाठी करायची ती सक्तीची कामे आता साहेबासाठी करायची. मनोऱ्यावर नाव साहेबाचे आहे. ज्यांनी दगड फोडले, त्यांचे नाव कोठे नाही. आमच्या आयुष्मती म्हणाल्या, "आपल्या बोरघाटाचे तरी वेगळे काय?"

कँडीला तलावाच्या काठी दळदा मालिगावा, म्हणजे भगवान बुद्धांच्या दंतधातूचे विहार आहे. पांढरी वस्त्रे नेसलेले स्त्री-पुरुष हातात कमळे घेऊन शांतपणे रांगेत उभे होते. म्हाताऱ्या बाया जमिनीवर बसून पुस्तकातील पाठ म्हणत होत्या. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. आम्ही त्रिसरण-पंचशील म्हणू लागलो, तेव्हा शेजारच्या आजीबाई आमच्याबरोबर म्हणू लागल्या. त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्यांची, पण पाली दोघांनाही येत होती.

मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब याच भूमीवर आले होते. धम्म येथे रोजच्या जगण्यात किती उतरला आहे, हे त्यांना पाहायचे होते. कोलंबोच्या टाऊन हॉलमधील सभेत त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले आणि तेथील बौद्धांनी या लोकांना आपले मानून त्यांचे हित पाहावे, असेही सांगितले. या दुसऱ्या वाक्याचा अर्थ आम्हाला कँडीच्या पुढच्या रस्त्यावर उमगला.

त्याआधी कँडीतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. येथील सियाम निकाय हा भिक्खूसंघ १७५३ मध्ये थायलंडहून आलेल्या उपसंपदेने सुरू झाला. पुढे त्यात फक्त गोविगम या वरच्या मानल्या गेलेल्या शेतकरी जातीलाच प्रवेश मिळू लागला. तेव्हा इतर जातींच्या लोकांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि अमरपुर निकाय काढला. तथागताच्या संघातही माणसांनी जात शिरवली. हे वाचून मन खट्टू होते. परंतु ज्यांना दार बंद झाले, त्यांनी धम्म सोडला नाही, दुसरे दार उघडले. त्यांच्याकडून आपण हे घेण्यासारखे आहे.

कँडीहून नुवारा एलियाला जाणारा रस्ता चढत चढत सुमारे १,८७० मीटर उंचीवर नेतो. रंबोड्याचे धबधबे मागे पडले की दोन्ही बाजूंना चहाचे मळे सुरू होतात. डोंगराला हिरवा गालिचा अंथरल्यासारखे दिसते. परदेशी पाहुणे मोटारी थांबवून फोटो काढतात. आम्हीही थांबलो. पण पाटी कपाळाला अडकवून पाठीवर घेतलेल्या बाया जवळ आल्या, तेव्हा आयुष्मतींनी आधी त्यांचे हात पाहिले. बोटे चहाच्या चिकाने काळी पडलेली, पेरांना चिरा गेलेल्या. आयुष्मतींची आई सारा जन्म दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होती. त्यामुळे तेथे दुभाष्याची गरज पडली नाही. आमचे फोटो मोटारीतच राहिले.

चालकाने मग हिशेब सांगितला. दिवसाला साधारण अठरा ते वीस किलो पाला खुडावा लागतो. पोत्याचे वजन आणि पानांवरचे पाणी म्हणून त्यातून काही किलो कापतात. उद्दिष्ट भरले नाही तर मजुरी कमी. २०२४ मध्ये रोजची किमान मजुरी १,३५० श्रीलंकन रुपये ठरली. आपल्या पैशांत ती तेव्हा चारशेच्या आत भरत होती.

हे लोक येथे आले कसे? डोंगरावर आधी कॉफी होती. १८६९ पासून तांबेरा रोगाने ती संपवली आणि तिची जागा चहाने घेतली. जेम्स टेलर या मळेवाल्याने १८६७ मध्ये चहाची पहिली मोठी लागवड केली होती. मजूर आणले तमिळनाडूच्या दुष्काळी जिल्ह्यांतून. कंगाणी नावाचे मुकादम त्यांना उचल देऊन आणीत. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांना ही पद्धत नवी नाही. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून जंगलातून पायी डोंगरावर यायचे. वाटेत ताप आणि हगवणीने कितीतरी मेले. त्यांतील मोठा भाग पल्लर, परैयर, चक्किलियर या जातींचा, म्हणजे आपल्यासारख्याच गावकुसाबाहेरच्या लोकांचा होता.

देश १९४८ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या सुमारे सात लाख लोकांना नागरिक मानले नाही. पुढच्या वर्षी मतदानाचा हक्कही गेला. बाबासाहेब कोलंबोत बोलले, ते त्याच्या पुढच्याच वर्षी. १९६४ मध्ये सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला. सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यायची, तीन लाख तिकडे ठेवायची आणि उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहायचे. १९७४ मध्ये त्यांचीही निम्मी-निम्मी वाटणी झाली. ज्यांची वाटणी झाली, त्यांना कोणी विचारले नाही. उरलेल्यांना पूर्ण नागरिकत्व मिळण्यासाठी २००३ चा कायदा यावा लागला.

हा इतिहास आम्हाला चालकाच्या आईच्या खोलीत कळला. तो आम्हाला आग्रहाने घरी घेऊन गेला. 'लाईन' म्हणजे एकाला एक चिकटलेल्या खोल्यांची रांग. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, बाहेर सामायिक नळ. चाळीत वाढलेल्या आम्हाला त्यात परके असे काही वाटले नाही. पण चाळीची पावती तरी आपल्या नावावर असते. येथे चार पिढ्या राहूनही खोली मळ्याची. माउलींनी काळा चहा आणि गुळाचा खडा दिला. त्यांचे थोरले दीर करारात भारताच्या वाट्याला आले आणि निलगिरीच्या चहामळ्यात गेले. दोघा भावांची पुन्हा भेट झाली नाही. "चहा तोच, डोंगर तसाच, फक्त मधे समुद्र," असे त्या म्हणाल्याचे मुलाने आम्हाला हिंदीत सांगितले.

पुढे एल्ला, तेथला १९२१ चा नऊ कमानींचा रेल्वे पूल आणि रावणा धबधबा हे सगळे पाहिले. सुंदर आहे, जरूर पाहावे. पण आमच्या मनात ती लाईनच राहिली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दित्वा चक्रीवादळाने श्रीलंकेला झोडपले. डोंगराळ जिल्ह्यांत दरडी कोसळल्या. देशभरात सहाशेहून अधिक माणसे गेली. आम्ही चार दिवस फोन लावत होतो. पाचव्या दिवशी आवाज आला. आई सुखरूप होती, पण लाईनच्या मागचा उतार खचल्यामुळे सगळे शाळेत राहत होते. उतारावरची धोक्याची जागा नेहमी गरिबाच्याच वाट्याला का येते? कारण चांगली जागा मागायला नावावर जमीन लागते. मळ्यातील लोकांची आजची मोठी मागणी तीच आहे. अलीकडच्या घरकुल योजनांत कुटुंबाला सात पर्च, म्हणजे पावणेदोन गुंठे जागा मिळू लागली आहे. भारत सरकारच्या मदतीनेही काही हजार घरांचे काम हाती घेतले गेले. तरी लाईनमध्ये राहणारे अजून पुष्कळ आहेत.

बंधू-भगिनींनो, जमेल तेव्हा श्रीलंकेला जरूर जा. विहारात पांढरे कपडे घाला, पादत्राणे बाहेर ठेवा आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तेथे तो अनादर मानतात. पण विहाराइतकाच वेळ मळ्यातल्या माणसांनाही द्या. देश बौद्धांचा आहे म्हणून तेथले दुःख लहान होत नाही. उलट ते पाहण्याची आपली जबाबदारी वाढते. दुःख आहे आणि त्याला कारण आहे, हे तथागतांनी सांगितले. ते कारण कधी कायद्यात असते, कधी मुकादमाच्या वहीत आणि कधी सातबाऱ्यावर नसलेल्या नावात. ते शोधायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. सकाळी चहाचा कप हाती घेताना पाने खुडणाऱ्या त्या काळ्या पडलेल्या बोटांची आठवण ठेवा. ती बोटे आपल्याच नात्यातली आहेत. जयभीम!