दुपारी सूर्य, रात्री चंद्रपूर

अहो, ते ऐरोलीत आहे! ठाणे-बेलापूर रस्त्यावर! ज्या रस्त्याने मी इतकी वर्षं कामाला जाते, सिग्नलला थांबून चरफडते, त्याच रस्त्याला लागून असलेल्या एका आवारातली माणसं रात्रंदिवस हे बघत असतात की महाराष्ट्रातल्या कुठल्या वीजकेंद्राने या घडीला किती वीज द्यायची. ‘राज्य भार प्रेषण केंद्र’ हे त्याचं पाटीवरचं नाव. वीजवाले नुसतं ‘कळवा एलडी’ म्हणतात, पत्ता मात्र ऐरोलीचा. आणि कहर म्हणजे त्यांच्यापुढचे बरेचसे आकडे आपल्यालाही बघता येतात! फुकट! संकेतस्थळ उघडायचं की झालं: चंद्रपूर इतके मेगावॉट, कोराडी इतके, भुसावळ, परळी, उरण, कोयना, तिरोडा, जयगड, डहाणू. दिसायला अगदी ओबडधोबड आकृती, पण आकडे हलत असतात. जिवंत! नवऱ्याने क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा मी आता चंद्रपूरचा स्कोअर बघते.

याला कारण आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. आम्ही विजेची गाडी घेतली, नेरूळच्या सोसायटीत मीटर लागला, प्लग बसला आणि काका पार्किंगमध्येच म्हणाले, “काय गं, म्हणजे आता धूर इथे नाही सोडायचा, चंद्रपूरला सोडायचा, एवढंच ना?” मी हसले, पण घरी येऊन शोधायला बसले, आणि मग जे काही सापडत गेलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

पहिली गंमत. ग्रीडमध्ये वीज साठत नाही. म्हणजे जवळजवळ नाहीच. ज्या क्षणी वापरायची त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. मी रात्री अकराला खाली जाऊन प्लग लावते, मीटरवरचा तो इवलासा लाल दिवा एकदम भराभर लुकलुकायला लागतो, आणि त्याच सेकंदाला कुठल्यातरी जनित्रावर तेवढा बोजा वाढलेला असतो. ऐरोलीतली माणसं डोळ्यांत तेल घालून बघतात तो आकडा ५०. फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ. मागणी वाढून निर्मिती मागे पडली की तो ४९.९च्या खाली घसरायला लागतो, उलट झालं की ५०.०५च्या वर जातो. त्या चिमूटभर जागेत आख्खं राज्य धरून ठेवायचं! दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यात कुणी किती वीज द्यायची याचं वेळापत्रक असतं. साधारण नियम असा की ज्याचं इंधन स्वस्त त्याची वीज आधी. खाणीच्या तोंडाशी बसलेलं केंद्र म्हणून पुढे आणि लांबून कोळसा आणणारं मागे.

मग माझ्या प्लगमध्ये येते ती वीज नक्की कुणाची? हे विचारणंच चुकीचं, हे मला इथे कळलं. सोसायटीच्या टाकीत मोरबे धरणाचं पाणी पडतं आणि उन्हाळ्यात टँकरचंही पडतं, मग नळाखालच्या बादलीला कुणी विचारतं का तू कुठली? विचारायचं असतं ते एवढंच, की मी नळ सोडला तेव्हा टाकीत कोण ओतत होतं. आणि ओतणारे तासातासाला बदलतात! इथे मी खुर्चीतून उठलेच.

रात्रीचं आधी सांगते, कारण तिथे काका बऱ्यापैकी बरोबर आहेत. रात्री सूर्य नाही. अशा वेळी राज्याची मदार कोळशावर: चंद्रपूरचं महानिर्मितीचं केंद्र २,९२० मेगावॉटचं, तिरोड्याचं अदानींचं ३,३०० मेगावॉटचं, कोराडी, खापरखेडा. ही सगळी विदर्भात. जोडीला तारापूरची अणुवीज असते. १९६९ साली देशातलं पहिलं व्यापारी अणुवीज केंद्र तिथे सुरू झालं, पुढे २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या आल्या. पण वजन कोळशाचंच.

आणि ही वीज चंद्रपूरहून आपल्याकडे येते कशी? इथे मी वेडी व्हायची बाकी राहिले. चंद्रपूरपासून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची खास लाइन आहे, १९९९ सालची, १,५०० मेगावॉट वाहून नेणारी, आणि ती एसी नाही, डीसी आहे! उणे-अधिक ५०० किलोव्होल्ट. इतक्या लांब पल्ल्याला डीसीमध्ये गळती कमी होते, म्हणून चंद्रपूरला एसीची डीसी करायची, आख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा आणि पडघ्याला पुन्हा एसी करायची. आता पुढे ऐका. ती एसी आमच्या पार्किंगपर्यंत येते आणि बॅटरीला एसी चालतच नाही! गाडीच्या पोटातला चार्जर तिची परत डीसी करतो. बॉनेटपाशी कान नेला की जी बारीक गुणगुण ऐकू येते ना, ती तिथलीच. पडघ्याला डोंगराएवढं यंत्र जे करतं त्याचंच उलटं काम माझ्या गाडीत डब्याएवढं यंत्र करतंय. मी हे लेकाला सांगितलं तर तो म्हणाला, “आई, झोप.”

आता काकांचा हिशेब. मी खरोखर कागद घेऊन बसले. समजा बॅटरी ३० युनिटची, गाडी त्यात दोनशे किलोमीटर जाते. चार्ज होताना थोडी गळती होते, म्हणजे मीटरवर ३३ युनिट. तारांमधली, ट्रान्सफॉर्मरमधली गळती धरली तर केंद्रात ३८ युनिट तयार व्हायला हवेत. सगळे कोळशावर केले तर युनिटला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ३७-३८ किलो. जाळायला कोळसा लागतो पंचवीस-तीस किलो. एक भरलेलं पोतं! मी ते पोतं डिकीत कल्पून बघितलं.

तेवढंच अंतर पेट्रोलवर? लिटरला १५ किलोमीटर धरले तर तेरा-साडेतेरा लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. झाले ३१. पण पेट्रोल काही पंपावर उगवत नाही, विहिरीतून काढणं, जहाजं, रिफायनरी, टँकर हे सगळं मोजलं की तोही आकडा पस्तिशी ओलांडतो. म्हणजे फक्त कोळशावर गाडी भरली तर जवळपास बरोबरी! खाणकामाचं आणि मालगाड्यांचंही धरलं तर काका थोडेसे जिंकतातसुद्धा.

पण फक्त कोळशावर गाडी भरतो कोण? केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रीडची सरासरी काढतं, ती युनिटला साधारण ०.७ किलो आहे. त्या हिशेबाने माझे दोनशे किलोमीटर २७ किलोत बसतात. फरक आहे, पण उड्या माराव्यात इतका नाही. विजेच्या गाड्या विकणारे ज्या थाटात ‘शून्य प्रदूषण’ लिहितात त्याचा मला आता रागच येतो. शून्य नेरूळमध्ये. चंद्रपूर शून्य नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूरचं नाव होतं, तिथली राख, तिथली हवा तिथल्या माणसांच्या वाट्याला.

मात्र काकांनाही एक गोष्ट ऐकवलीच. १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली, तेव्हापासून काका विजेवरच प्रवास करतायत. त्या विजेचं पोतं कुणी कधी डिकीत बघितलं का? काका म्हणाले, “लोकलला डिकी नसते.” बरं.

आता दुपार! खरा खजिना दुपारचा आहे. सकाळी नऊनंतर ऐरोलीच्या आकड्यांत सौर वीज चढायला लागते आणि कोळशाची केंद्रं चक्क मागे सरकतात. संच बंद करून लगेच चालू करता येत नाही, बॉयलर थंड झाला की परत तापवायला तास न् तास जातात. म्हणून त्यांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून धाप टाकत ठेवतात आणि उन्हाला वाट देतात. राजस्थानातलं ऊन तारांमधून येतं, शिवाय आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीची दुसरी योजना २०२३ पासून सुरू आहे, तिच्यात गावोगावच्या उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहतायत. शेतीपंपाला रात्री-बेरात्री मिळणारी वीज दिवसा मिळावी हा मूळ हेतू. बॅटरी दाखवत बिबट्याच्या भीतीने रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला याची किंमत मी सांगायला नको.

म्हणजे तीच गाडी, तोच प्लग, तेच ३३ युनिट. रात्री अकराला लावला तर बराचसा कोळसा, दुपारी एकला लावला तर त्यात ऊन मिसळलेलं! गाडी कुठली घेतली यावर आपण महिनाभर वाद घालतो, आणि ती भरायची किती वाजता हे कुणी विचारतच नाही. आता तर दरही तेच सांगतायत: १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत आहे. सवलत म्हणजे काय, ऊन जास्त झालंय, घेऊन जा, असं वीजखातं म्हणतंय!

आणि संध्याकाळ? सहा-सातला ऊन जातं, नेमके तेव्हाच सगळे घरी येतात, दिवे, एसी, मिक्सर, सगळं एकदम. कोळशाला इतक्या चटकन उठता येत नाही. मग उठते कोयना. साधारण १,९६० मेगावॉट, आणि दार उघडलं की काही मिनिटांत पूर्ण जोरात! धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला पोफळीकडे कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पण हे पाणी मोजून वापरायचं असतं. कृष्णा लवादाच्या निवाड्याप्रमाणे वर्षाला ६७.५ टीएमसीच पश्चिमेला वळवता येतं, म्हणून कोयनेला दिवसभर थोपवून धरतात आणि संध्याकाळी सोडतात. त्या पाण्याखाली कुणाची गावं गेली, त्यातली काही माणसं आपल्याच रायगड-ठाण्यात कशी येऊन वसली, हा वेगळा आणि मोठा लेख आहे. विजेला धूर नसला म्हणजे ती कुणाला महाग पडली नाही, असं नव्हे.

घाटघर तर मला ठाऊकच नव्हतं. चोंढ्याच्या बाजूला, सह्याद्रीच्या कड्यावर, २५० मेगावॉटचा प्रकल्प: वर एक तळं, खाली एक तळं. वीज उतू जात असली की खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, वीज हवी झाली की तेच पाणी खाली सोडायचं. म्हणजे ग्रीडमध्ये वीज साठत नाही म्हणाले ना मी वर, ती साठते, डोंगरावर!

नवी मुंबई या सगळ्याच्या अगदी मधोमध बसलीय. बोकडविऱ्याला वायूवर चालणारं ६७२ मेगावॉटचं केंद्र, खारघरहून विक्रोळीला गेलेली २०२३ सालची ४०० किलोव्होल्टची लाइन. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती आठवतंय? कळवा-पडघा भागातल्या लाइन गेल्या होत्या. तेव्हा मी नुसती पंख्याकडे बघत बसले होते. आता पनवेलवरून जाताना मनोरे दिसले की मान वाकडी करून तारा मोजते आणि नवरा म्हणतो, “समोर बघ.”

तर मी काय केलंय, ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जर आहे, त्यावर दुपारी गाडी लावते. तिथे रांग असते, सकाळी आल्या आल्या लावणारे पाच वाजेपर्यंत काढत नाहीत, त्यांना आता मीच गटावर ऐरोलीचे आकडे पाठवते. एकाने विचारलं, पावसाळ्यात काय करणार? भारी प्रश्न! ढगांत सौर घटते, पण नेमका तेव्हाच वनकुसवड्याच्या पठारावर, ब्राह्मणवेलच्या माळावर वारा पिसाळतो आणि पवनचक्क्यांचे सर्वांत चांगले महिने सुरू होतात. वर्षालासुद्धा वेळापत्रक आहे!

दिवाळीनंतर चिपळूणला जायचंय. बेत असा, की संध्याकाळी साडेसातला, पोफळीपासून जितकं जवळ मिळेल तितक्या जवळच्या चार्जरला गाडी लावायची आणि कोयनेवर चार्ज केली म्हणून सगळ्यांना सांगत सुटायचं. शास्त्राच्या दृष्टीने हे साफ थोतांड आहे, टाकी एकच आहे हे मीच वर लिहिलंय. काकांना मात्र सोबत नेणार आहे.