आधी पदवी की आधी परवाना?

माझ्या धाकट्या मुलीचा बारावी सायन्सचा निकाल लागला, त्याच संध्याकाळी तिने जाहीर केले, "अम्मी, मला पायलट व्हायचंय. आणि त्यासाठी कॉलेजात तीन वर्षं घालवायची गरज नाही."

मी म्हटले, "आधी ग्रॅज्युएट हो. मग काय उडायचं ते उड."

या उत्तरामागे माझी अठ्ठावीस वर्षांची नोकरी होती. बारावीनंतर डी.एड. करून मी शिक्षिका झाले. लग्न, दोन मुली, सासूबाईंचे आजारपण यांत बी.ए. राहून गेले. शिकवण्यात मी कधी कमी पडले नाही. पण मुख्याध्यापिकेच्या खुर्चीची वेळ आली, तेव्हा माझ्यानंतर सात वर्षांनी लागलेल्या बाईंना ती मिळाली, कारण त्यांच्याकडे पदवी होती. नियमाने ते बरोबरच होते. तरी त्या रात्री मला घास गिळवला नाही. तेव्हाच ठरवले होते की, माझ्या मुली पदवीवाचून कुठे अडणार नाहीत.

विमानाचे वेड तिला माझ्या अब्बांनी लावले. अब्बा टपाल खात्यात होते. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री आपल्या सोनेगावला उतरत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. अब्बा पुढे काही वर्षे त्या थैल्या उचलणाऱ्यांत होते. "साऱ्या देशाची पत्रं नागपुरात हात बदलायची, बेटा," असे ते नातीला मांडीवर घेऊन सांगत. पायलट धावपट्टीवरून चालत येऊन त्यांच्याकडे पाणी मागायचा, हा किस्सा तिने शंभरदा ऐकला असेल.

मुलगी हट्टाला पेटली, तेव्हा आम्ही चौकशीला निघालो. शहरातल्या एका सल्ला केंद्रात आम्हाला चहा मिळाला, रंगीत पुस्तिका मिळाली आणि एक ठाम वाक्य मिळाले: "मॅडम, डिग्री नसेल तर मुलगी जन्मभर को-पायलटच राहील. कॅप्टन व्हायला डिग्री लागतेच." त्यांच्याकडे पदवी आणि परवाना असे दोन्हींचे एकत्र पॅकेज होते आणि आगाऊ रक्कम त्याच आठवड्यात भरायची होती. त्यांचे बोलणे माझ्या मनातलेच होते, म्हणून मला लगेच पटले. मी चेकबुक काढायच्या बेतात होते. मुलगी एवढेच म्हणाली, "अम्मी, आधी नियम वाचू या."

नियम वाचले आणि मी गप्प झाले. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, हे परवाने देते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी, वयाची 18 वर्षे पूर्ण, वैद्यकीय तपासणीत पात्र आणि 200 तासांचे उड्डाण एवढे लागते. सोबत दिशाज्ञान, हवामान, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती या विषयांचे पेपर असतात. पास व्हायला 100 पैकी 70 गुण हवेत. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. कॅप्टन होण्यासाठी पुढचा परवाना घ्यावा लागतो. त्याला वय 21 आणि 1500 तासांचे उड्डाण लागते, पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात. यात कुठेही बी.ए., बी.एस्सी.ची अट नव्हती. बढती मिळते ती उड्डाणाच्या तासांवर, चाचण्यांवर आणि कंपनीतल्या ज्येष्ठतेवर.

वायुसेनेचे वेगळे आहे. तिथे अधिकारी वैमानिकाला पदवी लागतेच. बारावीनंतर एनडीएत गेलेल्यांनाही तिथले शिक्षण पूर्ण केल्यावर ती मिळते. अमेरिकेतल्या काही मोठ्या विमान कंपन्याही पदवी मागत. त्यांपैकी डेल्टा कंपनीने 2022 च्या सुरुवातीला ही सक्ती काढली. पदवी असली तर बरे, एवढेच ठेवले. आणि आपल्या देशात 1929 साली पहिला वैमानिक परवाना मिळवणारे, 1932 मध्ये कराचीहून मुंबईला टपालाचे विमान स्वतः चालवत आणणारे जे. आर. डी. टाटा? त्यांनीही विद्यापीठाचे शिक्षण पूर्ण केले नव्हते.

मुलगी जिंकल्यासारखी हसत होती. पण एवढ्याने माझे समाधान होईना. यांच्या एका मित्राच्या ओळखीने आम्ही वर्धा रोडला राहणाऱ्या एका निवृत्त कॅप्टनांकडे गेलो. त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "डोळे, कान तपासून घेतले का?"

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. ते बारावीनंतर थेट विमानात गेले होते. कॅप्टन होताना कोणी पदवी विचारली नाही. वयाच्या 38 व्या वर्षी कानाचा आजार झाला आणि वैद्यकीय तपासणीत ते अपात्र ठरले. अकरा महिने घरी होते. घराचे हप्ते, मुलांच्या फिया चालूच होत्या. कुठेही नोकरी मागायला गेले की पहिला प्रश्न पदवीचा. "चौदा वर्षं विमान चालवलेला माणूस मी, पण त्यांच्या अर्जातली ती एक ओळ मला भरता येत नव्हती," असे म्हणून ते थोडा वेळ थांबले. "बेटा, कॉकपिटमध्ये पदवीचा उपयोग नाही. जमिनीवर बसायची वेळ आली, तर आहे."

तशी वेळ फक्त आजारपणाने येत नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि कितीतरी वैमानिक एका दिवसात बेकार झाले. वर्षभराने कोरोना आला आणि देशातली प्रवासी उड्डाणे दोन महिने थांबली.

परतताना गाडीत कोणी बोलत नव्हते. मला माझी चूक कळली होती. मुख्याध्यापिकेची खुर्ची हुकल्याचे माझे दुःख मी लेकीच्या वाटेत आणून ठेवले होते. तिच्या धंद्यात ती खुर्ची नव्हतीच. आणि चूक तिचीही होती. पदवी लागत नाही, याचा अर्थ तिने पदवीचा उपयोगच नाही, असा लावला होता.

मग आम्ही तडजोड केली. आधी वैद्यकीय तपासणी, नंतर पैशाचा विचार. ती पात्र ठरली. सगळा खर्च 50 लाखांच्या आसपास जाणार होता. व्याजाचे कर्ज नको, यावर हे ठाम होते, म्हणून काटोल रोडचा प्लॉट विकला. थोरलीच्या लग्नासाठी ठेवलेला तो प्लॉट. "माझं लग्न साधेपणाने करा," असे ती स्वतः म्हणाली, तेव्हा मला रडू आवरले नाही. आणि धाकटीने इग्नूमध्ये बी.कॉम.ला नाव घातले. त्याची फी प्लॉटच्या हिशेबात कुठे दिसतसुद्धा नाही.

आता तिचे 140 तास झाले आहेत. मागच्या वर्षी हवामानाचा पेपर आणि अकाउंटन्सीचा पेपर एकाच आठवड्यात आले. हवामानात 81 मिळाले, अकाउंटन्सी राहिली. फोनवर मी रागावणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "अम्मी, जूनमध्ये पुन्हा देते. तो पेपर माझ्यासाठी थांबेल, चांगलं हवामान थांबत नाही."

वाचक भगिनींनो, तुमच्या घरात कोणी असे स्वप्न घेऊन उभे राहिले, तर माझ्यासारखे आधीच उत्तर देऊ नका. नियम स्वतः वाचा. कोणालाही आगाऊ पैसे देण्याआधी डॉक्टरी तपासणी करून घ्या. आणि मुलाला किंवा मुलीला उडू द्या, पण एक पदवी घरबसल्या, सावकाश, चालू ठेवा.

शेवटची एक गोष्ट. तिच्याच अर्जासोबत मीही एक अर्ज भरला, बी.ए.चा. मुख्याध्यापिका होण्याचे वय आता राहिले नाही. पण दोघींचे पेपर एकाच केंद्रावर आले होते, आणि माझा एकही विषय राहिलेला नाही, हे मी तिला अधूनमधून ऐकवत असते.