न लिहिणारे पेन

आमच्या घरात सदऱ्याच्या खिशाला पेन लावणारे पहिले अण्णाच. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. आणि गंमत अशी, की त्या पेनाने एक अक्षरही लिहिता येत नाही! ते पाण्यात बुडवायचे, की आकडा उमटतो. चाकणच्या एका कारखान्यातले कंत्राटी काम सुटल्यापासून अण्णा पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकतात. कोणाच्या घरी गेले की पेल्यात पेन बुडवतात आणि काही न बोलता तो आकडा यजमानीणबाईंसमोर धरतात. आकडा तीन अंकी निघाला की निम्मे काम झाले. माझी दोन वर्षांची फी अशा तीन अंकी आकड्यांतूनच भरली गेली, हे आधीच सांगून टाकते.

यंदा पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी मी आणि माझ्या मैत्रिणीने इंदोरीच्या पुलाजवळचे इंद्रायणीचे पाणी घेतले. हत्यार अर्थात अण्णांचे पेन. वहीत तारीख, वेळ, आकडा. पण नोंदी वाढल्या तसा आमचा गोंधळही वाढला. जुलैत नदी तांबडी-गढूळ वाहत होती, पाय बुडवायचे धाडस होईना. आणि पेन म्हणत होते आकडा कमी! दिवाळीनंतर पाणी निवळले, तळाचे दगड दिसू लागले, तर आकडा चढू लागला. पेन बिघडले म्हणावे, तर घरी अण्णांचा धंदा त्याच पेनावर चाललेला.

भूगोलाच्या सरांना वही दाखवली. ते हसून म्हणाले, "हे पेन क्षार मोजतच नाही."

ते वीज मोजते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण होतात. ते जितके अधिक, तितकी वीज पाण्यातून सहज वाहते. पेन ही वाहकता मोजते, तिला एका ठरावीक अंकाने गुणते आणि क्षारांचा अंदाज सांगते. आता हा अंक एका पेनात ०.५ असतो, तर दुसऱ्यात ०.७. वाहकता ४०० असेल तर एक पेन २०० सांगेल, दुसरे २८०. पाणी तेच! शिवाय पाणी एका अंशाने तापले तरी वाहकता सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणून हिशेब २५ अंशांवर आणून करावा लागतो. पावसाळ्यात क्षार कमी दिसतात, कारण पावसाचे पाणी नदीला पातळ करते. पुढे दगडांतून झिरपलेले पाणी नदीत उरते; आपल्या काळ्या पाषाणातले कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच ते येते. आणि गढूळपणा? मातीचे कण वीज वाहून नेत नाहीत. जंतूही नाहीत. आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो, तो कशाचा हेही पेन सांगणार नाही.

सरांनी आणखी एक सांगितले, ते मला फार आवडले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने कितीतरी नद्यांत अशी यंत्रे कायमची बुडवून ठेवली आहेत. दर पंधरा मिनिटांनी वाहकतेची नोंद होते. आपल्याकडे गंगेवरही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वयंचलित केंद्रे आहेत. पण नुसते यंत्र बुडवून भागत नाही. ऋतूऋतूत बाटल्या भरून न्यायच्या, पाणी गाळून आटवायचे, उरलेले क्षार तोलायचे आणि मग त्या नदीचा अंक कोणता ते ठरवायचे. कोकणच्या खाडीचा अंक इंद्रायणीला लावून चालत नाही.

मग आम्हीही आटवले! एक लिटर पाणी गाळणकागदातून गाळून, स्टीलच्या वाटीत थोडेथोडे ओतत. गॅस फुकट गेल्याबद्दल आईने बोलून घेतले. वाटीला पांढरी पुटे चढली. किराणा दुकानाच्या काट्याला ती कळेनात, तेव्हा सोनारकाकांकडे गेलो. वाटी आधी तोलून ठेवली होतीच. काका म्हणाले, "दोन गुंजा." म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. आजी तर नेहमी म्हणते, यंत्राच्या पाण्याला चवच नाही.

त्या रात्री जेवताना मी अण्णांना सारे सांगितले. तीन अंकी आकडा म्हणजे विष नव्हे. आणि कमी आकडा म्हणजे पाणी स्वच्छ, असेही नव्हे. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, तसाच हातात धरला. "मग फी कशातून भरायची?" रागावून नव्हे, खरेच विचारले त्यांनी. मला उत्तर आले नाही. आईने आमटी वाढली. वर्गात पटकन हात वर करणारी मी, ताटात बघत बसले.

पुढच्या रविवारी अण्णा मला सोबत घेऊन निघाले. स्टेशनभागातल्या एका घरी पेन बुडाले, आकडा आला. बाईंनी घाबरून विचारले, "वाईट आहे का हो?" अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग पेन पुसत म्हणाले, "आकड्यात काही वाईट नाही, ताई. टाकी कधी धुतली होती?"

टाकी धुतलेली नव्हती. यंत्रही विकले गेले नाही. चहा मात्र मिळाला.

परतताना मी मागे गप्प बसून होते. घराचा फाटा गेला तरी गाडी वळली नाही. थांबली ती इंदोरीच्या पुलाशी. अण्णांनी खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले. "आजची नोंद राहिलीये ना?"